शनिवारच्या तपासणीआधी आई-बाबांना

मुलुंड, मुंबई
सोमवार, रात्री

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

एकाच शहरात राहून, लोकलने तासाभरात गिरगावात पोहोचता येत असताना मी पत्र लिहायला बसले आहे, याचे तुम्हाला हसू येईल. पण गेल्या रविवारी बाबांच्या रक्ताच्या जनुकीय तपासणीचा विषय काढला तेव्हा बाबांनी "माझं आता काय राहिलंय, माझ्या रक्तात काय शोधणार?" एवढे म्हणून वर्तमानपत्र उघडले, आणि आई, तू चहा टाकायला म्हणून आत गेलीस ती ओटा पुसूनच बाहेर आलीस. फोनवरही तेच होते. बाबांनी हयातभर छापखान्यात मुद्रिते तपासली आहेत आणि हाती आलेला मजकूर शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय ते सोडत नाहीत, म्हणून लिहूनच पाठवावे असे ठरवले.

बाबांच्या इको तपासणीत हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधला पडदा १९ मिलिमीटर जाड निघाला. त्या खोलीत मी होते. बाबा डाव्या कुशीवर, बनियन वर सरकवून, गार जेलमुळे अंग चोरून पडले होते, आणि ती तंत्रज्ञ मुलगी एकाच जागी तीन वेळा माप घेत होती. तिने तिसऱ्यांदा मापले तेव्हाच काहीतरी आहे हे माझ्या लक्षात आले. हा पडदा एरवी बारा मिलिमीटरच्या आत असतो. वाढलेला रक्तदाब किंवा अरुंद झालेली झडप असे दुसरे कारण सापडत नसताना तो पंधरा किंवा त्याहून जाड भरला, तर डॉक्टर हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथीचे, म्हणजे हृदयाचा स्नायू आपोआप जाड होत जाण्याच्या आजाराचे निदान करतात. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर बाबा रोज थांबतात आणि चपलेचा अंगठा नीट करत असल्याचे दाखवतात, त्याचे कारण हेच. (बाबा, ती चप्पल नवी आहे, हे आम्हा सर्वांना ठाऊक आहे.)

हा आजार फार दुर्मीळ नाही. साधारण पाचशे माणसांत एकाला तो असावा असे मानले जाते. १९५८ मध्ये लंडनच्या डोनाल्ड टेअर या शवचिकित्सा करणाऱ्या डॉक्टरांनी काही तरुण माणसांच्या हृदयांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांतले बहुतेक जण एकाएकी मरण पावले होते आणि त्यांच्या हृदयाचा तो पडदा विचित्र जाड झालेला होता. मी ते वाचले तेव्हा मला मोठे काका आठवले. दादर स्थानकाच्या जिन्यावर गाडी पकडायला धावताना, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी गेले. दाखल्यावर हृदयविकाराचा झटका असे लिहिले आणि घरात "फार दगदग व्हायची त्याला" असे म्हणून तो विषय बंद झाला. त्यांना हाच आजार होता असे आज कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण शंका घ्यायला जागा आहे, आणि ती शंका माझ्यापर्यंत, दादापर्यंत आणि शाळेच्या मैदानावर चारशे मीटर धावणाऱ्या तुमच्या नातवापर्यंत येते.

या आजाराला कारणीभूत ठरणारा जनुकातला बदल आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडून आला तरी पुरतो, आणि तो पुढच्या प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते. मी आणि दादाने इको करून घेतला, दोघांचाही ठीक आहे. पण स्नायू चाळिशीनंतरही जाड होऊ लागू शकतो, त्यामुळे आजच्या चांगल्या अहवालाने आम्ही जन्मभरासाठी मोकळे होत नाही. आता बाबांच्या प्रश्नाचे उत्तर. मी आज माझे रक्त दिले आणि अहवालात काही सापडले नाही, तर त्याचे दोन अर्थ होतात: आपल्या घरातला बदल माझ्यात उतरला नाही, किंवा आपल्या घरातला बदल या तपासणीला ओळखताच येत नाही. या दोहोंपैकी खरे काय, हे माझ्या रक्तावरून कधीही कळणार नाही. ज्याला आजार झाला आहे त्याच्यात नेमका बदल आधी सापडावा लागतो. मग बाकीच्यांनी तेवढी एकच जागा तपासून घ्यायची. ती जागा निर्दोष निघाली, तर तुमच्या नातवाला दर वर्षा-दोन वर्षांनी इकोच्या टेबलावर झोपावे लागणार नाही आणि त्याचे धावणे मी काळजीने बघणार नाही. मोठे काका नाहीत. त्यामुळे या कुटुंबात सुरुवात करता येईल असे माणूस एकच उरले आहे, आणि ते म्हणते, माझे काय राहिले आहे!

तपासणीत काय करतात ते बाबांना लगेच कळेल, कारण ते त्यांचेच काम आहे. जांभळ्या बुचाच्या नळीत थोडे रक्त घेतात, त्यातला डीएनए वेगळा काढतात आणि हृदयाच्या स्नायूशी संबंधित जनुके अक्षर-अक्षर वाचतात. माणसाच्या पूर्ण जीनोममध्ये, म्हणजे डीएनएच्या सगळ्या मजकुरात, सुमारे तीनशे कोटी अक्षरे असतात. तो सगळा वाचायचा ठरवला तर प्रत्येक जागा सरासरी तीस वेळा वाचतात, म्हणजे वाचणाऱ्याची चूक आणि मजकुरातली चूक वेगळी ओळखता येते. मग हे वाचन मूळप्रतीशी ताडून बघतात. गोम आहे ती या मूळप्रतीत आणि तिच्या जोडीला वापरतात त्या इतर लोकांच्या माहितीत. २००३ मध्ये पूर्ण झालेल्या मानवी जीनोम प्रकल्पाच्या प्रतीचा सुमारे सत्तर टक्के भाग अमेरिकेतल्या बफेलो शहराच्या एका दात्याच्या रक्तातून आलेला आहे. बाबा, तुम्हाला ते मालवणी कथांचे मुद्रित आठवते का? तुम्ही पुण्याच्या भाषेचा नियम लावून पानोपानी तांबड्या खुणा केल्या होत्या, आणि लेखक छापखान्यात येऊन "हे चुकलेले नाही, आमच्याकडे असेच म्हणतात" असे सांगत तासभर भांडले होते. जनुकांच्या अहवालातही नेमके असेच होते. एखादा बदल किती जणांत आढळतो हे मुख्यतः युरोपीय लोकांच्या माहितीवरून ठरवले की आपल्याकडचा एखादा सर्वसाधारण बदलसुद्धा दुर्मीळ, म्हणून संशयास्पद दिसतो, आणि अहवालात "अर्थ अनिश्चित" असा शेरा येतो. त्या शेऱ्याचा रुग्णाला काहीच उपयोग नसतो, उलट झोप मात्र उडते.

याचे उत्तम उदाहरण आपल्याच आजाराचे आहे. हृदयाच्या स्नायूतले एक प्रथिन बनवणाऱ्या एमवायबीपीसी-३ या जनुकात पंचवीस अक्षरे गळालेली असण्याचा प्रकार भारतीय उपखंडात शंभरातल्या सुमारे चार जणांत आढळतो, हे २००९ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतले कुमारसामी थंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. उतारवयात हृदय कमजोर होण्याशी त्याचा संबंध दिसला. पण तो असलेल्या अनेकांना काहीच होत नाही, आणि पुढच्या संशोधनात त्याच जनुकातल्या आणखी एका बदलाकडे बोट गेले. म्हणजे आपल्या माणसांची माहिती गोळा केल्यावरच प्रश्न दिसला, आणि आणखी गोळा केल्यावर त्याचे उत्तरही बदलले. म्हणूनच केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने जीनोमइंडिया प्रकल्पात दहा हजार भारतीयांचे जीनोम वाचून घेतले. ती माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली. दीडशे कोटींच्या आसपास पोहोचलेल्या देशाला दहा हजार म्हणजे दर्या में खसखस, पण आधी तेवढेही नव्हते.

सापडेलच याची खात्री नाही, हेही मी लपवत नाही. या आजाराच्या तीस ते साठ टक्के रुग्णांतच कारणीभूत बदल हाती लागतो. शिवाय सापडला म्हणून बाबांची गोळी लगेच बदलेल असेही नाही. १९९० मध्ये क्रिस्टीन आणि जोनाथन सीडमन यांच्या गटाने कॅनडातल्या एका मोठ्या कुटुंबाच्या रक्तातून या आजाराचे पहिले जनुक, हृदयाच्या मायोसिन या प्रथिनाचे, नक्की केले. त्या मायोसिनलाच आवर घालणारे मॅव्हाकॅमटेन हे औषध अमेरिकेत मंजूर व्हायला २०२२ साल उजाडले. ज्यांनी पहिल्यांदा रक्त दिले, त्यांतल्या वयस्कांना औषध बघायला मिळाले नसणार. मंजुरीआधीच्या मुख्य चाचणीत तेरा देशांतले २५१ रुग्ण होते आणि त्या देशांत भारत नव्हता. ते औषध रक्ताच्या वाटेत अडथळा येणाऱ्या प्रकारासाठी आहे. बाबांना तसा अडथळा नाही, आणि अडथळा नसलेल्या रुग्णांवर ज्या चाचणीत ते देऊन पाहिले, तिचे निकाल २०२५ मध्ये आले तेव्हा अपेक्षित गुण दिसला नाही. "मग एवढं महागाचं औषध यांना का देत नाही?" असे आई, तू डॉक्टरांना विचारले होतेस आणि त्यांनी घड्याळ बघत "सूट होणार नाही" म्हटले होते, त्यामागचे कारण हे होते, आणि ते त्यांनी दोन वाक्यांत सांगायला हवे होते.

आता तू रविवारी ओट्यापाशी पुटपुटलीस ते. "दोष कुणाच्या घराण्यातला, हे कशाला उकरायचं?" उद्या काकूंच्या नातीचे लग्न ठरताना कुणी हा कागद पुढे केला तर काय, ही तुझी भीती मला खोटी वाटत नाही. जनुकीय माहितीवरून भेदभाव करू नये असा स्वतंत्र कायदा आपल्या देशात अजून नाही. विम्यापुरते सांगायचे, तर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे हृदयाच्या नेमक्या याच आजाराच्या रुग्णाचा खटला आला होता, आणि "आनुवंशिक आजार" या सरसकट सबबीखाली दावा नाकारणे हा भेदभाव आहे, असे न्यायालयाने म्हटले. ते प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयातही गेले. तेव्हा सावधपणा हवाच. माझे मत असे, की अहवाल आपल्या कपाटात राहावा, कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर त्यातला एक शब्दही जाऊ नये (मामा सुप्रभातच्या फुलांबरोबर तोही पुढे ढकलतील), आणि काकूंच्या मुलाला मी समोर बसून एवढेच सांगावे, की अशी तपासणी आहे आणि तुझे वडील ज्या वयात गेले ते बघता तू निदान इको करून घे. पुढे काय जाणून घ्यायचे आणि काय नाही, हे त्याचे त्याने ठरवावे. दोष या शब्दाबद्दल म्हणशील, तर असे बारीक बदल तुझ्यात, माझ्यात, व्याह्यांच्या घरातही असतात. आपल्या घरातला एक एवढाच, की तो इकोच्या पडद्यावर दिसला.

शनिवारी दोन वेगवेगळे कागद पुढे येतील, त्यांची गल्लत होऊ देऊ नका. पहिला तपासणीचा: त्याचे पैसे आपण भरणार, अहवाल आपल्याला मिळणार. दुसरा संशोधनाचा: त्यात बाबांचा डीएनए आणि पुढची काही वर्षे त्यांच्या प्रकृतीची माहिती नावाऐवजी सांकेतिक क्रमांक लावून ठेवली जाईल, आणि त्यातून आपल्याला बहुधा काहीच मिळणार नाही. पहिल्या कागदासाठी मी हट्ट धरते आहे. दुसऱ्यासाठी धरणार नाही. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे संमतीचा मजकूर सहभागी होणाऱ्याला कळेल अशा भाषेत द्यावा लागतो, आणि एकदा हो म्हटल्यावरही कारण न देता केव्हाही बाहेर पडता येते. त्याने उपचारात फरक पडता कामा नये. आईच्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी एका रुग्णालयात ती ट्रॉलीवर आडवी असताना तिच्या हाती पेन देऊन इंग्रजी कागदावर तीन सह्या घेतल्या होत्या. मी तेव्हा गप्प बसले, ते मला अजून बोचते. म्हणून या वेळी मराठी प्रत आधीच मागून घेतली आहे आणि सोबत जोडली आहे. अकरा पाने आहेत. "सहभागीस निष्पत्तीची अवगतता करून देण्यात येईल" अशा मराठीत आहेत, तेव्हा बाबांनी तांबडे पेन हाताशी ठेवावे. जे कळणार नाही त्याला खूण करावी आणि ते तिथल्या समुपदेशक बाईंना विचारावे. त्या पाऊण तास देतात, मी आधी जाऊन बोलून आले आहे.

शनिवारी सकाळी साडेनऊला मी टॅक्सी घेऊन खाली येते. उपाशी राहायची गरज नाही, नेहमीची गोळीही घ्यायची आहे. बाबांनी जुना इको आणि चष्मा बरोबर ठेवावा. आणि आई, समुपदेशक बाई तीन पिढ्यांचा तक्ता काढणार आहेत; कोण कशाने आणि कितव्या वर्षी गेले, हे बाबांच्या घरात जन्मलेल्या कुणापेक्षाही तुलाच जास्त आठवते. बाबांच्या आत्या विहिरीवर चक्कर येऊन गेल्या, असे तू एकदा म्हणाली होतीस. ते वय जमल्यास आठवून ठेव, आणि माळ्यावरच्या हिरव्या ट्रंकेत मोठ्या काकांचा मृत्यूचा दाखला असेल तर तो मात्र तू शिडीवर चढून काढू नकोस, मी आल्यावर काढीन.

तुमची,
धाकटी