चार फुटी कपाट: फळी आधी वर घे

प्रिय सतीश,

सप्रेम नमस्कार.

बेडरूममधल्या कपाटाचे फोटो आणि मापं मिळाली. आत 48 इंच रुंदी, 90 इंच उंची, 22 इंच खोली. एवढ्यात दोघांचे कपडे आरामात मावतील. जागा वाया जातेय ती उंचीत. 68 इंचांवर आडवी फळी, तिच्याखाली एकुलती एक दांडी आणि शर्टांच्या खाली सव्वादोन फूट पोकळी, तिथे ढीग. तेव्हा बास्केटं, डबे काहीही आणू नकोस. आधी फळी वर घे, तिची खालची बाजू 80 इंचांवर येईल अशी. वरच्या सव्वानऊ इंचांत रजया, स्वेटर जातील.

फळी मधे झुकलीय कारण 18 मिमी प्लायला चार फुटांचा गाळा झेपत नाही. ती उलटी करून बसव आणि मधे उभं पार्टिशन दे. भार तिथे उतरेल. भुशाच्या बोर्डाची असती तर टाकूनच दे म्हटलं असतं. पार्टिशनच्या एका बाजूला टांगायला 30 इंच आणि दुसऱ्या बाजूला कप्प्यांना सव्वासतरा ठेव.

18 मिमीचं एकच 8×4 शीट पुरतं. लांबीच्या दिशेने 22 इंची दोन पट्ट्या काढ. एकीतून पार्टिशन, दुसरीतून सव्वासतरा इंचांचे पाच कप्पे. उरलेल्या पावणेचार इंची पट्टीतून कप्प्यांखालच्या आधारपट्ट्या निघतात. दुकानात पॅनल सॉ असेल तर तिथेच कापून घे, कड सरळ येते. पार्टिशनची उंची मात्र पुढे आणि मागे, दोन्हीकडे मोजायची. लादी क्वचितच सपाट असते. कमी भरेल त्या मापातून अर्धा सूत (1/16 इंच) वजा करून काप. मागे स्कर्टिंग असेल तर खालच्या कोपऱ्यात तेवढी खाच घे, नाहीतर पार्टिशन भिंतीला टेकणार नाही.

वरून फळीतून पार्टिशनमध्ये दीड इंची तीन स्क्रू, पण आधी 3 मिमीचं भोक पाड. थेट पिळलास तर प्लायच्या कडेचे थर उलगडतात. मागे भिंतीला तीन एल-पट्ट्या.

दांड्या दोन घे, 25 मिमी स्टीलच्या, 76 आणि 37 इंचांवर. वर शर्ट-कुर्ती, खाली दुमडलेल्या पँटी. पाइपचा मध्य मागच्या भिंतीपासून 11 इंचांवर ठेव. हँगर साधारण 17-18 इंचांचा असतो, म्हणजे दोन्हीकडे दोन-दोन इंच सुटतात आणि दार बाह्यांवर आपटत नाही. इथे घोळ होतो तो स्क्रूत. दांडीचं एक टोक प्लायवर आणि दुसरं भिंतीवर येतं. प्लायला 5/8 इंची स्क्रू लाव. पाऊण इंची लावलास तर पलीकडे टोक फुगतं आणि तिकडे साड्या असतात. भिंतीला 6 मिमी भोक, त्यात प्लास्टिकची गिट्टी (स्क्रू धरून ठेवणारी नळी) आणि दीड इंची स्क्रू. भिंत सिपोरेक्सची, म्हणजे हलक्या सच्छिद्र ब्लॉकांची असेल तर ही गिट्टी जागच्या जागी फिरते. तिथे 8 मिमीची लांब नायलॉनची गिट्टी घे आणि ड्रिलचा हॅमर बंद ठेव. जवळ स्विचबोर्ड असेल तर त्याच्या सरळ वर-खाली भोक पाडू नकोस, आत वायर असते.

कप्पे: सगळ्यांत खाली 18 इंच, बॅगा आणि चपलांना. त्यावर साड्यांना दहा-दहाचे दोन, घडीच्या कपड्यांना बारा-बाराचे दोन, राहतात सव्वाचौदा. बारा इंचांहून उंच थप्पी खालचं काढताना कोसळते, म्हणून मोठे कप्पे करू नकोस. कप्प्यांची खोली साडेएकवीसच ठेव आणि मागे अर्धा इंच हवा खेळू दे. फोटोत मागच्या भिंतीचा रंग फुगलेला दिसतो. पलीकडे बाथरूम असेल तर आधी ती गळती बंद करून घे. नाहीतर पावसाळ्यात प्लायला बुरशी धरेल आणि सगळी मेहनत पाण्यात.

कापलेल्या सगळ्या कडांना प्रायमरचे दोन हात दे आणि वास जाईपर्यंत दारं उघडी ठेव. वहिनींच्या जरीच्या साड्या मलमलच्या कापडात गुंडाळायच्या, डांबरगोळी जरीला लागू द्यायची नाही. दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडून घालायची, कारण जरीची तार घडीवरच तुटते.

प्लाय आणण्यापूर्वी रुंदीही वर, मधे, खाली अशी तीन ठिकाणी मोजून मला कळव. गिलाव्याच्या भिंती सहसा एकसारख्या नसतात आणि कप्पे सगळ्यांत कमी मापाचे कापावे लागतील.

तुझा,
मिलिंद