ओळख वेगळी, वशिला वेगळा

संपादक महोदय,

कुपवाड एमआयडीसीत तीस वर्षे टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याची हत्यारं-साचे बनवणाऱ्या विभागात, काढून मी आता निवृत्त झालो आहे. आठवड्यात दोन-तीन मुलांचे फोन येतात, "काका, कुठं ओळख असेल तर बघा ना." पाठोपाठ व्हॉट्सअॅपवर बायोडाटा. कोणत्या मशीनवर हात बसलाय, हे त्यात नसतं. वाईट वाटतं, कारण आयटीआयची ही मुलं हुशार आहेत.

१९९४ साली मी शिकाऊ होतो. सुट्टी झाल्यावर शेजारच्या शेडमध्ये लेथ चालवणाऱ्या वयस्क टर्नरकाकांना अर्धा तास मदत करायचो. टूलला धार कशी लावायची, कोन कसा राखायचा, हे त्यांनी हात धरून शिकवलं. मी मागितलं काहीच नव्हतं. चार वर्षांनी आमचा कारखाना बंद पडला, तेव्हा त्यांनी आपणहून नव्या मालकाकडे माझं नाव काढलं. "पोराचं माप चुकत नाही," एवढंच म्हणाले. आजही ते आठवलं की डोळे भरतात.

आपल्याच जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी ही कारखान्याची वसाहत बघा. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांनी जमीन दिली, तेव्हा १९१० मध्ये ती उभी राहिली. मदत मिळाली ती त्यांचं काम ठाऊक असलेल्या माणसाकडून.

इथल्या उद्योजकांना विनंती, महिन्यातून एक दिवस आयटीआयच्या मुलांना शॉपफ्लोअरवर जुन्या कामगारांजवळ उभं राहू द्या. शिकवायला मी येईन, मानधन नको.

— एक निवृत्त टूलरूम फोरमन, कुपवाड (सांगली)