सोयीसाठी निदानाच्या कागदाची अट नको

महोदय,

स्वमग्नता (ऑटिझम), एडीएचडी (लक्ष टिकवणे किंवा स्थिर बसणे अवघड जाणे), डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातील अडचण) अशा कारणांनी ज्यांच्या मेंदूची कामाची रीत बहुसंख्यांपेक्षा निराळी असते, त्या न्यूरोडायव्हर्जंट व्यक्तींना नोकरीत सामावून घेण्याविषयी अलीकडे बरेच बोलले जाते. मात्र प्रत्यक्ष सोय मागायची वेळ आली की बहुतेक ठिकाणी आधी वैद्यकीय प्रमाणपत्र मागितले जाते. स्त्रियांचे घोडे नेमके इथेच अडते, असे मनुष्यबळ विभागात अनेक वर्षे काम केल्यावर माझे मत झाले आहे.

याचे कारण निदानाच्या इतिहासात आहे. मानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली स्वमग्नतेचे जे गाजलेले वर्णन केले, त्यातील ११ मुलांपैकी मुली अवघ्या ३ होत्या. पुढच्याच वर्षी बालरोगतज्ज्ञ हान्स आस्पर्गर यांनी स्वमग्नतेसारख्याच लक्षणांची तपशिलाने मांडलेली चारही उदाहरणे मुलग्यांची होती. डॉक्टरांची आणि शिक्षकांची नजर पुढे याच नमुन्यावर घडत गेली. वर्गात एका जागी न बसणाऱ्या मुलाला तपासणीसाठी नेले जाते, तर खिडकीबाहेर पाहत राहणारी मुलगी ‘जरा वेंधळी आहे’ एवढ्यावर सुटते. त्यात भर म्हणजे २०१३ पर्यंत अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानसंहितेनुसार स्वमग्नता आणि एडीएचडी ही दोन निदाने एकाच व्यक्तीला एकत्र देताच येत नसत. परिणामी आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या कितीतरी स्त्रियांना आपल्या मुलाची तपासणी चालू असताना प्रथमच स्वतःविषयी शंका येते, किंवा रजोनिवृत्तीच्या काळात इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटून लक्ष आणि स्मरण यांवरील ताबा सुटू लागला, की इतकी वर्षे बसवलेली घडी का विस्कटली हे शोधताना उत्तर सापडते. अशा स्त्रीकडे दाखवण्यासारखा कागद असणार कुठून?

कागद नसला तरी कष्ट असतातच. समोरच्याच्या डोळ्यांत किती वेळ पाहायचे, कुठे हसायचे, बैठकीत कधी बोलायचे, हे सारे ती आतल्या आत मोजत असते आणि त्यातच निम्मी थकते. शिवाय कार्यालयातील सहकाऱ्यांचे वाढदिवस लक्षात ठेवणे, रुसवेफुगवे काढणे, बैठकीची टिपणे घेणे ही बिनपगारी कामे न सांगता स्त्रियांकडे येतात. मोजके आणि रोखठोक बोलणारा पुरुष ‘कामात बुडालेला’ ठरतो; तसेच बोलणारी स्त्री ‘उद्धट’ ठरते. हिशेब विभागातील एका सहकारी स्त्रीच्या मूल्यमापन अहवालात मी ‘संघभावना कमी’ हा शेरा सलग वाचत आले. जुळत नसलेली नोंद शोधून काढण्यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते, पण त्या अर्जात हे नोंदवायला रकानाच नव्हता. तिचे टेबल प्रिंटर आणि ये-जा करण्याच्या दाराच्या मधोमध होते. ते भिंतीकडे हलवले, तोंडी सूचनांऐवजी दोन ओळींचा ईमेल पाठवण्याची पद्धत सुरू केली, आणि दुपारनंतर तिच्या कामात होणाऱ्या चुका जवळजवळ थांबल्या. त्यासाठी कोणालाही तिचे निदान विचारावे लागले नाही.

म्हणून माझी सूचना अशी की बैठकीचा विषय आदल्या दिवशी कळवणे, सूचना लेखी देणे, अनेक कामांतले आधी कोणते करायचे हे वरिष्ठांनी स्पष्ट सांगणे, आवाज रोखणारे हेडफोन वापरू देणे आणि शांत जागा ठरवून देणे या गोष्टी मागेल त्याला, कारण न विचारता मिळाव्यात. उद्या सगळेच मागू लागतील, ही भीती मला पटत नाही. सगळ्यांनाच लेखी सूचना मिळाल्या तर बिघडते काय? ज्या सोयींना खरोखर खर्च येतो किंवा कामाचे तास बदलावे लागतात, त्यांच्यासाठी प्रमाणपत्राचा विचार जरूर व्हावा. मात्र वाजवी सोय नाकारणे हा भेदभाव आहे, असे संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारात स्पष्ट म्हटले आहे, हे व्यवस्थापनांनी विसरू नये.

जाता जाता आणखी एक. अशा व्यक्तींकडे ‘विलक्षण प्रतिभा’ असते म्हणून त्यांना घ्यावे, हा हल्लीचा उत्साही युक्तिवाद मला धोक्याचा वाटतो. साधारण बुद्धीच्या, नेमून दिलेले काम नीट करणाऱ्या स्त्रीलाही नोकरीत टिकण्याचा तितकाच अधिकार आहे, आणि प्रतिभेच्या अपेक्षेने तिच्यावर सोंगाचा आणखी एक थर चढतो.

बदलाची सुरुवात मूल्यमापनाच्या अर्जापासून करता येईल. ‘मिळूनमिसळून वागते का’ हा रकाना काढून त्या जागी ‘आवश्यक माहिती सहकाऱ्यांना वेळेवर देते का’ असे विचारावे. मुलाखतीचे प्रश्नही उमेदवारांना आधी पाठवावेत आणि शक्य तिथे गप्पांऐवजी प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घ्यावा. आपल्या वृत्तपत्राने या विषयावर मनुष्यबळ अधिकाऱ्यांची आणि अशा नोकरदार स्त्रियांची मते मागवावीत, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त मनुष्यबळ अधिकारी