दुपारी दोनला बंद पडणारा रिसीव्हर आणि तुमचं ‘दोष आढळला नाही’

अंबाजोगाई, जि. बीड
२४ जून

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : विमान-रिसीव्हर संचातली पॉवर कॉर्ड, अडॅप्टर आणि अँटेना बदलून मिळण्याबाबत.
संदर्भ : माझ्या आधीच्या चार तक्रारी.

महोदय,

ही माझी पाचवी तक्रार. आधीच्या चारही तुम्ही ‘निकाली’ लिहून बंद केल्या. निकाल काय लागला ते मला अजून कळलेलं नाही. तुमच्या वेबसाइटवरच्या चौकटीत पाचशे अक्षरं मावतात आणि माझं दुखणं काही त्यात मावत नाही, म्हणून या वेळी कागदावर लिहून पोस्टाने पाठवतोय.

१७ जानेवारीला तुमच्याच वेबसाइटवरून विमानांचे सिग्नल पकडायचा घरगुती संच १४,८०० रुपयांना घेतला. त्यात पेटी, पाच व्होल्टचा अडॅप्टर, त्याची दोन मीटरची कॉर्ड, बुडाशी अँप्लिफायर असलेली गच्चीवरची अँटेना आणि दहा मीटर केबल होती. पेटीचं झाकण मी आजवर उघडलेलं नाही, वॉरंटीचं स्टिकर शाबूत आहे. हे आधीच सांगतो, कारण माझा धंदा कळला की तुमचा पहिला प्रश्न तोच असतो.

माझं इथे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. २७ वर्षं झाली. आता टीव्ही दुरुस्तीला कोणी आणत नाही, पॅनल गेलं की लोक सरळ नवा घेतात. त्यामुळे दुपार मोकळी असते आणि दुकानात चार माणसं नुसती बसायला येतात. आमचं गाव बालाघाटाच्या डोंगरावर, वर आभाळ मोकळं. मुंबई-हैदराबादची विमानं आमच्या दक्षिणेकडून जातात, त्याहून उंचावरून आणखी कुठली कुठली. वर पांढरी रेघ उमटली की बसलेल्यांपैकी एक तरी विचारणारच, “ह्ये इमान कुठं चाललंय ओ?” त्याचं उत्तर देता यावं म्हणून हा खर्च केला. शिवाय तुमच्या पेटीतला डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचायचा छोटा रिसीव्हर, मुळात कॉम्प्युटरवर डिजिटल टीव्ही बघायला बनवलेला. २०१२च्या सुमारास लोकांनी त्यातून भलतेच सिग्नल पकडायची युक्ती शोधून काढली. म्हणजे टीव्हीवाल्याच्या हाती टीव्हीचाच माल आला, याचं मला कौतुक होतं.

अडीच महिने संच उत्तम चालला. हे लिहायलाच हवं. विमान आपली ओळख, उंची आणि जागा १०९० मेगाहर्ट्झवर स्वतःच सांगत जातं, जागा तर सेकंदाला साधारण दोनदा. आपण फक्त कान द्यायचा. तुमची अँटेना साडेतीनशे किलोमीटरवरचं ऐकत होती. पुण्याला उतरणारं विमान खाली आलं की पडद्यावरून जायचं, पण त्याचा दोष मी तुमच्यावर घालत नाही, ती पृथ्वीची गोलाई. पस्तीस हजार फुटांवरचं विमान चारशे किलोमीटरवरून ऐकू येऊ शकतं, तीन हजार फुटांवरचं सव्वाशेच्या पुढे नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात रोग सुरू झाला. दुपारी दोनच्या सुमारास पडदा रिकामा व्हायचा. संध्याकाळी सात वाजता आपोआप विमानं परत. मेकॅनिकला ‘आपोआप’ हा शब्द चालत नाही. जे आपोआप बरं होतं ते उद्या पुन्हा आजारी पडतं.

तुमच्या फोनवरच्या मॅडम नम्रपणे बोलल्या, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण त्यांच्यासमोरच्या कागदावर तीनच औषधं होती : पेटी बंद करून चालू करा, मेमरी कार्ड नव्याने भरा, अँटेना खिडकीजवळ न्या. पहिली दोन केली, कार्ड तर दोनदा भरलं. अँटेना गच्चीवर पाइपाला बांधलेली, ती खिडकीजवळ आणून कुणाचं भलं होणार होतं? चौथ्या फोनला त्या म्हणाल्या, “सर, दुपारी कदाचित विमानंच नसतील.” मी फोन कानाला तसाच धरून बाहेर आलो. डोक्यावरून एक चाललं होतं. मॅडमना तसं सांगितलं, तर त्यांनी तक्रार निकाली काढली.

मग मी माझ्या पद्धतीने लागलो. पहिला संशय आमच्या लाइटवर. उन्हाळ्यात पंपांचा भार आला की आमच्या डीपीवर व्होल्टेज १७० पर्यंत उतरतं. पण तुमच्या अडॅप्टरवर १०० ते २४० छापलंय, म्हणजे त्याला फरक पडू नये. तरी पेटी इन्व्हर्टरवर घेतली. दोन वाजता बंद.

दुसरा संशय अँटेनावर. घरातल्या स्टीलच्या एका ताटलीला मधोमध भोक पाडलं (ताटलीचा विषय घरात अजून मिटलेला नाही), त्यात कनेक्टर बसवून ६.९ सेंटिमीटरची तांब्याची तार उभी केली. १०९० ला पाव लहर तेवढीच भरते. अँप्लिफायर नाही, काही नाही, तरी शे-सव्वाशे किलोमीटरवरची विमानं आली. दोन वाजता तीही गेली. अँटेना निर्दोष सुटली.

तिसरा संशय उन्हावर. तुमची पुस्तिका म्हणते पेटी अँटेनाजवळ ठेवा, केबल लांबवू नका. ते बरोबरच आहे. म्हणून पेटी जिन्यावरच्या पत्र्याखाली आहे आणि एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे सावलीतच पारा चाळिशीपार जातो. पण ब्राउझरमध्ये पेटीचं जे पान उघडतं, त्यावर आतल्या चिपचं तापमान दिसतं, ते भर दुपारी ७१ अंश होतं. ८० च्या पुढे गेल्यावर पेटीतला बोर्ड, म्हणजे आतला छोटा कॉम्प्युटर, स्वतःला हळू करतो. ७१ ला बंद पडायचं काही कारण नाही.

इथे मी अडलो आणि तुमच्या सांगण्यावरून २२ एप्रिलला पेटी सर्व्हिस सेंटरला पाठवली. कुरिअरचे ३४० रुपये माझे. “फक्त पेटी पाठवा, अॅक्सेसरीज नकोत,” असं तुमच्या ईमेलमध्ये आहे, प्रत जोडली आहे. सोळा दिवसांनी पेटी परत आली, सोबत एका ओळीचा अहवाल : ‘७२ तास चालवून पाहिले, दोष आढळला नाही.’

आढळणार कसा? तुम्ही ती एसीत ठेवलीत, तुमच्या टेबलावरच्या अडॅप्टरला आणि तुमच्या कॉर्डला जोडलीत. माझी कॉर्ड इथे अंबाजोगाईत खिळ्याला टांगलेली होती. खरं सांगायचं तर तोवर मीही पेटीकडेच बघत बसलो होतो. तुमचा अहवाल वाचला आणि डोक्यात लख्ख पडलं की जे पाठवलं नाही ते तपासायचं राहिलंय.

पेटीला एक यूएसबी पोर्ट रिकामा असतो. त्यात जुनी वायर सोलून घातली आणि मीटर लावला, म्हणजे झाकण न उघडता बोर्डापर्यंत किती व्होल्ट पोचतात ते कळतं. सकाळी ४.७१. दुपारी अडीचला ४.५६, आणि त्याच वेळी अडॅप्टरच्या तोंडाशी ५.०४. जवळजवळ अर्धा व्होल्ट तुमची दोन मीटरची कॉर्ड वाटेतच खात होती. पुस्तिकेनुसार आत रास्पबेरी पाय ३ बोर्ड आहे. तो ४.६३ च्या खाली गेला की व्होल्टेज कमी असल्याची नोंद करतो आणि त्याचा लाल दिवा विझतो. माझा दिवा दुपारभर मिणमिणत होता. व्होल्टेज असं काठावर आलं की यूएसबीवरचा डोंगल गळून पडतो, मग पडद्यावर विमान कुठून येणार? त्या बोर्डाला ५.१ व्होल्ट, अडीच अँपिअरचा पुरवठा लागतो असं तो बनवणारेच सांगतात. तुमच्या अडॅप्टरवर लिहिलंय पाच व्होल्ट, दोन अँपिअर. त्याला जोडलेली कॉर्ड बाहेरून जाड रबराची आणि आत केसाएवढ्या तारांची. तांबं दहा अंश तापलं की त्याचा रेझिस्टन्स चार टक्क्यांनी वाढतो, अडॅप्टरही तापून थोडा खाली बसतो. पुण्या-मुंबईच्या घरात हा माल काठावर तरून जाईल. मराठवाड्यातल्या पत्र्याखाली नाही.

दुकानातली एक मीटरची जाड कॉर्ड लावली, किंमत १८० रुपये. दुपारी अडीचला ४.९१. १४ मे ते ९ जून पडदा एकदाही रिकामा झाला नाही. आकडे लिहिलेल्या वहीच्या प्रती सोबत आहेत. हेच सगळं मी तिसऱ्या तक्रारीत पाचशे अक्षरांत कोंबून कळवलं होतं. उत्तर आलं, ‘आपली समस्या सुटल्याचा आनंद आहे.’ समस्या माझ्या कॉर्डने सुटली, आनंद तुम्हाला झाला.

आता दुसरं. मृग लागला आणि १० जूनच्या रात्री चांगला पाऊस झाला. सकाळी पडदा पुन्हा रिकामा. या वेळी लाल दिवा स्थिर, व्होल्ट नीट, आणि संध्याकाळीही काही परत आलं नाही. म्हणजे हा रोग वेगळा. ताटली जोडली तर विमानं आली. त्यामुळे पेटी आणि डोंगल ठीक, दोष केबलमध्ये किंवा अँटेनात.

अँटेनातल्या अँप्लिफायरला पेटी केबलमधूनच साडेचार व्होल्ट देते. पेटीकडून ते निघत होते, वरच्या टोकाला मीटरचा आकडा नाचत होता. दोन्ही टोकं सोडवून केबलची मधली तार आणि जाळी यांच्यात मोजलं. तिथे मीटरने काहीच दाखवायला नको, त्याने ३ किलोओहम दाखवले. जोड उघडला तर आत पाणी आणि पितळेवर हिरवा कळंक. नव्या पावसाचा कळंक एका रात्रीत चढत नाही. एप्रिलमधल्या अवकाळीपासूनच ओल आत जात असणार. हॉट एअरने जोड वाळवला, विमानं आली. दोन दिवसांनी पाऊस, पुन्हा गेली. पुन्हा वाळवला, पुन्हा आली. याहून चोख पुरावा माझ्या धंद्यात नसतो.

पुस्तिकेच्या पान ९ वर तुम्ही म्हणता, ‘जोड पावसात टिकणारा आहे, वरून टेप लावू नये.’ त्याच पानावरच्या चित्रात नटाखाली काळी रबरी रिंग दाखवलीय. माझ्या जोडात ती रिंग नव्हती. जानेवारीत बसवताना ते माझ्या लक्षात यायला हवं होतं, एवढी चूक माझी. पण टेप मी तुमच्या शब्दावर लावली नाही. एरवी साध्या डिशच्या जोडालाही मी टेप मारल्याशिवाय शिडी उतरत नाही.

यावर चौथ्या तक्रारीचं उत्तर : ‘पाण्यामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही.’ साहेब, ही अँटेना तुम्ही गच्चीवर लावायची म्हणून विकता. आमच्याकडे पाऊस कमी हे मान्य, लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं तो २०१६ चा उन्हाळा आम्ही जवळून पाहिलाय. पण जो काही पडतो तो गच्चीवरच पडतो.

माझं मागणं असं. अडीच अँपिअरचा अडॅप्टर आणि जाड तारांची कॉर्ड द्या. अँटेना आणि केबल बदलून द्या, रबरी रिंगसकट. अँप्लिफायरमध्ये ओल गेली आहे, नुसता जोड बदलून तो किती दिवस तगेल याची खात्री मी देणार नाही आणि तुम्हीही देऊ नये. कुरिअरचे ३४० आणि कॉर्डचे १८०, असे ५२० रुपये परत करा. पेटी मला बदलून नको, ती चांगली आहे. पान ९ वरचं टेपचं वाक्य मात्र काढून टाका, माझ्यासारखे आणखी कोण कोण ते वाचून गच्चीवर चढले असतील.

ऑनलाइन विक्रीच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं, हे तुम्हाला माहीत असेलच. महिन्यात काही झालं नाही तर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर नोंद करीन आणि बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या कायद्याने ग्राहक राहतो तिथेच दावा लावता येतो आणि पाच लाखांच्या आतल्या मालाला फी नाही. मला त्यात हौस नाही, दुकान बंद ठेवून बीडला जाणं परवडत नाही. पण वहीत आकडे आहेत आणि ते मांडता येतात.

तुमचा माणूस पाठवायचा असेल तर दुपारी दोन ते चारमध्ये पाठवा. सकाळी आला तर त्यालाही दोष आढळणार नाही.

आपला,
(सही)
रेडिओ-टीव्ही दुरुस्ती, अंबाजोगाई

सोबत : पावतीची प्रत, तुमच्या ईमेलची आणि अहवालाची प्रत, मोजमापाच्या वहीची सहा पानं, कळंक चढलेल्या जोडाचे तीन फोटो. जुनी कॉर्ड पाठवत नाही. ती माझ्याकडे खिळ्याला टांगलेली आहे.