दुसरा क्वार्टरबॅक जरूर आणा, पण कशासाठी ते त्याला सांगून

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या क्रीडा पानावर गेल्या आठवड्यात अमेरिकेतील एका विद्यापीठाचा फुटबॉल संघ ‘ट्रान्स्फर’ क्वार्टरबॅकच्या, म्हणजे आक्रमणाची सूत्रे सांभाळणाऱ्या आणि दुसऱ्या विद्यापीठातून बदली होऊन येणाऱ्या खेळाडूच्या, शोधात असल्याचे एक छोटे स्फुट आले होते. हाताशी एक चांगला क्वार्टरबॅक असताना केवळ राखीव म्हणून बाहेरून आणखी एक आणणे हा पैशाचा माज आहे आणि संघातल्या तरुण मुलांवरचा अविश्वासही, असा त्या मजकुराचा सूर होता. वीस वर्षांहून अधिक काळ मी ओहायोतील कोलंबस या शहरात राहते. इथे शनिवारचा फुटबॉल टाळायचा म्हटला तरी टाळता येत नाही. त्या अनुभवावरून मला हा सूर पटला नाही, म्हणून हे पत्र. (जाता जाता एक : ‘डेप्थ’ या शब्दासाठी आपण ‘खोली’ असे छापले आहे. ‘संघाला खोली हवी आहे’ हे वाचून मुलांच्या राहण्याची अडचण झाली की काय, असे क्षणभर वाटले. आपल्याकडे याला सरळ ‘दुसरी फळी’ म्हणतात.)

अमेरिकन फुटबॉलमध्ये मैदानावर एका बाजूचे अकरा खेळाडू असतात. त्यांतील बऱ्याच जागांवर सामन्यात माणसे आलटून पालटून येतात. धावणारे दोघे-तिघे असतात, चेंडू झेलणारे पाच-सहा असतात, आणि त्यांतला एखादा जायबंदी झाला तर बाकीच्यांनी थोडा थोडा भार उचलून वेळ निभावून नेता येते. क्वार्टरबॅकचे तसे नाही. आक्रमणाची जवळजवळ प्रत्येक चाल त्याच्या हातात चेंडू येऊन सुरू होते, आणि चेंडू येण्याआधी त्याला समोरच्या बचावाची मांडणी वाचून आपल्या सहकाऱ्यांच्या जागा बदलाव्या लागतात, प्रसंगी ठरलेली चालच मोडून दुसरी सांगावी लागते. हे सारे चाळीस सेकंदांच्या घड्याळात बसवायचे असते. कॉलेज फुटबॉलच्या वरच्या श्रेणीत २०२४ पासून हेल्मेटमधील स्पीकरवर प्रशिक्षकाचा आवाज ऐकण्याची मुभा मिळाली आहे खरी, पण घड्याळात पंधरा सेकंद उरले की तो आवाज बंद होतो, आणि त्यापुढचे सगळे त्या वीस-बावीस वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर असते.

हे काम येते ते सरावाने, आणि दुसऱ्या क्रमांकाच्या मुलाला नेमका सरावच कमी मिळतो. आठवडाभरातील बहुतेक पाळ्या पहिल्या क्वार्टरबॅकला द्याव्या लागतात, कारण शनिवारी खेळायचे त्याला असते. उरलेली मुले येत्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करून आपल्याच बचावफळीला सराव देतात, म्हणजे त्यांचा निम्मा वेळ परक्यांच्या चाली गिरवण्यात जातो. क्रिकेटमधील राखीव यष्टिरक्षकाशी याची तुलना करण्याचा मोह होतो, पण राखीव यष्टिरक्षकाला ऐन वेळी ग्लोव्हज घालून उभे केले तर त्याला संपूर्ण संघाची भाषा नव्याने शिकावी लागत नाही. क्वार्टरबॅक पडल्यावर दुसरा शोधणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे.

आमच्या शहराने हे २०१४ साली फार जवळून पाहिले. इथल्या ओहायो स्टेट विद्यापीठाचा अनुभवी क्वार्टरबॅक ब्रॅक्स्टन मिलर हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर, ऑगस्टमधील सरावात खांदा दुखावून वर्षभरासाठी बाद झाला. त्याच्या जागी जे. टी. बॅरेट हा एकही सामना न खेळलेला मुलगा आला. दुसऱ्याच आठवड्यात संघ व्हर्जिनिया टेककडून हरला आणि हंगाम संपला असे लोक बोलू लागले. पण बॅरेट सावरला आणि संघाने त्यानंतर नोव्हेंबर अखेरपर्यंत एकही सामना गमावला नाही. २९ नोव्हेंबरला मिशिगनविरुद्धच्या सामन्याला मी स्टेडियममध्ये होते. चौथ्या चरणात बॅरेटचा पाय त्याच्याखाली असा मुडपला की लाखभर माणसांचे ते स्टेडियम एकदम गप्प झाले. वैरी म्हणावा अशा मिशिगनचा क्वार्टरबॅक डेव्हिन गार्डनर चालत आला आणि त्याच्याशेजारी गुडघ्यावर बसून त्याला धीर देत राहिला. त्या खुर्चीवरून मला बाकी काही आठवत नसले तरी तेवढे स्वच्छ आठवते.

त्यानंतर कार्डेल जोन्स हा तिसऱ्या क्रमांकाचा मुलगा उतरला. एका आठवड्याने बिग टेन या विद्यापीठांच्या गटाच्या अंतिम सामन्यात, कॉलेजमधील सुरुवातीपासून खेळलेल्या आपल्या पहिल्याच सामन्यात, त्याने विस्कॉन्सिनला ५९-० असे लोळवले. १ जानेवारीला अलाबामाला ४२-३५ आणि १२ जानेवारी २०१५ रोजी ओरेगनला ४२-२० असे हरवून ओहायो स्टेटने पहिल्यावहिल्या प्लेऑफचे (राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीचे) विजेतेपद मिळवले. लोक याला दैव म्हणतात. माझ्या मते त्यात दैव कमी होते. जोन्स २०१२ पासून त्याच प्रशिक्षकांच्या हाताखाली, त्याच चाली घोकत बसला होता. तीन वर्षे वाट पाहणारा असा मुलगा संघात होता, म्हणून तिसरी फळी पहिलीसारखी खेळली.

आता प्रश्न असा की आजच्या नियमांत असा जोन्स संघात उरला असता का? मला शंका आहे. पूर्वी एका विद्यापीठातून दुसऱ्यात गेलेल्या फुटबॉलपटूला साधारणपणे एक वर्ष बाहेर बसावे लागे, त्यामुळे मुले जागा सोडताना दहा वेळा विचार करीत. ऑक्टोबर २०१८ मध्ये ट्रान्स्फर पोर्टल, म्हणजे बदली हवी असलेल्या खेळाडूंची नोंदवही, सुरू झाले आणि आपले नाव त्यात नोंदवणाऱ्या मुलाशी इतर प्रशिक्षक उघडपणे बोलू लागले. एप्रिल २०२१ मध्ये एकदा बदली करून लगेच खेळण्याची सवलत फुटबॉललाही मिळाली, त्याच वर्षीच्या जुलैपासून स्वतःच्या नावावर जाहिरातींचे पैसे कमावता येऊ लागले, आणि एप्रिल २०२४ पासून अभ्यासात पात्र असलेल्या मुलाला कितीही वेळा बदली करून ताबडतोब खेळता येऊ लागले. दुसऱ्या क्रमांकावर बसलेल्या हुशार मुलाने कुठेतरी पहिला होण्यासाठी निघून जाणे यात काहीच गैर नाही. ओहायो स्टेटचाच जो बरो २०१८ मध्ये पदवी घेऊन लुइझियाना स्टेटला गेला आणि २०१९ च्या हंगामात अपराजित राहून सर्वोत्तम कॉलेज खेळाडूच्या हाइझमन करंडकासह राष्ट्रीय विजेता झाला. तो इथेच बाकावर बसून राहायला हवा होता असे कोण म्हणेल? परंतु ज्या वाटेने बरो जातो, त्याच वाटेने त्याच्या मागची फळी रिकामी होते, आणि ती भरायला पुन्हा त्याच वाटेवर माणूस शोधावा लागतो. आपल्या स्फुटात शोधणाऱ्या संघाला दोष दिला आहे, ही रिकामी झालेली जागा मात्र विचारात घेतलेली नाही.

पेन स्टेट विद्यापीठाचे उदाहरण यासाठी बोलके आहे. डिसेंबर २०२४ मध्ये संघ प्लेऑफमध्ये पोहोचलेला असताना त्यांचा दुसरा क्वार्टरबॅक बो प्रिब्युला पोर्टलमध्ये गेला, कारण त्या वेळच्या वेळापत्रकात प्लेऑफ संपेपर्यंत थांबणाऱ्याला चांगली जागा मिळण्याची खात्री नव्हती. पुढच्या ऑक्टोबरमध्ये पेन स्टेटचा पहिला क्वार्टरबॅक ड्रू अलर जायबंदी होऊन हंगामाला मुकला आणि ईथन ग्रंकमायर या अगदी नवख्या मुलाला पुढे करावे लागले. इकडे प्रिब्युला मिझुरी विद्यापीठात गेला होता. तिथे पहिल्या जागेच्या स्पर्धेत असलेला सॅम हॉर्न हंगामाच्या पहिल्याच सामन्यात पाय मोडून बाद झाला, आणि ऑक्टोबरमध्ये प्रिब्युलाचाही घोटा निखळला, तेव्हा मॅट झोलर्स हा पहिल्या वर्षाचा मुलगा मैदानात आला. एका मुलाच्या एका बदलीभोवती दोन विद्यापीठांच्या फळ्या कशा उघड्या पडल्या, हे यात दिसते.

आणि दुसरी फळी नसल्याची किंमत फक्त एक-दोन सामन्यांपुरती नसते. फ्लोरिडा स्टेटचा संघ २०२३ मध्ये प्लेऑफची निवड होईपर्यंतचे तेराच्या तेरा सामने जिंकला. त्यांचा क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस (तोही मुळात लुईव्हिलहून बदली होऊन आलेला) १८ नोव्हेंबरला पाय मोडून बाद झाला. त्याच्या जागी आलेल्या टेट रोडमेकरला पुढच्या सामन्यात डोक्याला मार बसला. गटाचा अंतिम सामना पहिल्या वर्षाच्या ब्रॉक ग्लेनने खेळून काढला, संघ १६-६ असा जिंकलाही; तरी दुसऱ्या दिवशी निवड समितीने या अपराजित संघाला प्लेऑफच्या चौघांत घेतले नाही, आणि ट्रॅव्हिस नसलेला संघ पूर्वीसारखा राहिलेला नाही हे कारण उघडपणे सांगितले. माझा पाय हंगामात आधीच मोडला असता तर बरे झाले असते, म्हणजे हा संघ एका क्वार्टरबॅकपेक्षा मोठा आहे हे सर्वांना दिसले असते, अशा अर्थाचे ट्रॅव्हिसने त्यानंतर लिहिले. पुढे रोडमेकर पोर्टलमध्ये गेला, अनेक खेळाडू बाहेर राहिले, आणि हंगामाअखेरच्या ऑरेंज बोल या सामन्यात जॉर्जियाने त्यांना ६३-३ असे हरवले.

म्हणून एखादा संघ जानेवारीत अनुभवी दुसरा क्वार्टरबॅक शोधत असेल तर मी त्याला शहाणपण म्हणेन. त्यातही आता घाई करणे भाग आहे. पूर्वी वसंत ऋतूतील सरावानंतर एप्रिलमध्ये पोर्टलची दुसरी खिडकी, म्हणजे नाव नोंदवण्याची मुदत, उघडत असे आणि सरावात कोणी दुखावला किंवा निघून गेला तर तेव्हा माणूस मिळे. ती खिडकी २०२५ च्या शरद ऋतूत रद्द झाली. २०२६ साली फुटबॉलसाठी २ ते १६ जानेवारी एवढीच मुदत ठेवण्यात आली. मार्च-एप्रिलमध्ये कोणाचा गुडघा जाईल हे जानेवारीत कोणालाच ठाऊक नसते, त्यामुळे विमा उतरवायचा तो आधीच उतरवावा लागतो.

पैशाच्या माजाबद्दल थोडक्यात. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या समझोत्यानंतर विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पण त्याला पहिल्या वर्षासाठी सर्व खेळ मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा ठरली, आणि त्या समझोत्यात सामील झालेल्या विद्यापीठांना फुटबॉलसाठी १०५ च खेळाडू ठेवता येतात. अशा हिशेबात राखीव क्वार्टरबॅकला दिलेली जागा आणि रक्कम दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्यातून काढलेली असते. चैन म्हणून हे कोणी करीत नाही.

तरुण मुलांवरील अविश्वासाचा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. हायस्कूलमधून मोठ्या आशेने आणलेल्या मुलाच्या पुढे बाहेरचा तेविशीचा माणूस आणून बसवला की तो मुलगा खट्टू होतो, आणि पुढच्या जानेवारीत तोही पोर्टलमध्ये जातो. पण तयारी नसताना पहिल्याच वर्षी त्याला मैदानात ढकलणे हेही काही विश्वासाचे लक्षण नाही. चार सामन्यांपर्यंत खेळूनही खेळण्याच्या ठरावीक वर्षांपैकी एक वर्ष वाचवण्याची सोय २०१८ मध्ये झाली. अनुभवी राखीव खेळाडू हाताशी असला तर नवख्याला जिंकलेल्या सामन्यांच्या शेवटी थोडे थोडे खेळवून वाढवता येते. बाहेरून आणलेला माणूस म्हणजे हमी, असेही समजू नये : फ्लोरिडा स्टेटने पुढच्याच वर्षी, २०२४ मध्ये, क्लेम्सन आणि ओरेगन स्टेट असा प्रवास केलेला डी. जे. उइयागालेले हा क्वार्टरबॅक आणला. तो हंगामाच्या मध्यावर जायबंदी झाला आणि संघ बारापैकी दोन सामने जिंकला.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. ‘दुसरी फळी’ हा शब्द प्रशिक्षक पत्रकारांशी बोलताना सर्रास वापरतात, पण त्या मुलाला घरी बोलावताना ‘पहिल्या जागेसाठी खुली स्पर्धा’ असे म्हणतात. आमच्या शेजारचा एक मुलगा लहान महाविद्यालयात खेळून, पदवी घेऊन, एका मोठ्या विद्यापीठात तिसरा क्वार्टरबॅक म्हणून गेला होता. त्याच्या प्रशिक्षकाने त्याला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितले होते की तू बहुधा खेळणार नाहीस, तुझी एम. एस. ची फी आम्ही भरू, बैठकांना तू बसायचेस आणि नव्या मुलाला शिकवायचेस. तो सुट्टीत आला तेव्हा त्याने मनगटावर बांधायची पट्टी मला दाखवली होती. प्लास्टिकच्या झाकणाखाली मुंगीएवढ्या अक्षरांत चालींची नावे आणि क्रमांक, दोन्ही बाजूंनी गच्च भरलेले. शनिवारी टोपी घालून सीमारेषेवर उभा राहून तो प्रत्येक चाल त्या पट्टीवर बोट ठेवून वाचत असे, जणू पुढची चाल त्यालाच खेळायची आहे. ती वेळ जवळजवळ आलीच नाही, आणि त्याचे त्याला वाईट वाटलेले मी पाहिले नाही, कारण त्याच्याशी कोणी खोटे बोलले नव्हते.

याउलट पहिल्या जागेच्या आशेने आलेला, ऑगस्टमध्ये तिसरा ठरलेला आणि खिडकी बंद झाल्याने पुढच्या जानेवारीपर्यंत अडकलेला मुलगा ही या नव्या व्यवस्थेतील खरी अडचण आहे. तीन वर्षांत तीन विद्यापीठे झाली की श्रेयांक जुळत नाहीत आणि पदवी लांबते. त्याचा हिशेब गुणफलकावर येत नाही. आपल्या वार्ताहराने पुढच्या वेळी अशी बातमी देताना संघाकडे किती क्वार्टरबॅक आहेत हे सांगावेच, पण येणाऱ्या मुलाला कोणती जागा देऊ केली आहे आणि त्याचे किती वर्षांचे खेळणे उरले आहे, एवढ्या दोन ओळीही विचारून छापाव्यात, ही विनंती.

आपली,
एक वाचक,
कोलंबस, ओहायो