मॅलेट डिहायड्रोजिनेजचे दोन पत्ते: ताईंना आभाराचं पत्र

रामदासपेठ, नागपूर

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

एकच काम करणारी दोन एन्झाइमं पेशीत कुठे असतात हे तपासायची पद्धत तुम्ही आम्हाला बारीकसारीक खुणांसह लिहून दिलीत. तुमचे मनापासून आभार मानायला हे पत्र.

मॅलेट डिहायड्रोजिनेज (एमडीएच) हे मॅलेट आणि ऑक्झॅलोअॅसिटेट यांची अदलाबदल करणारं एन्झाइम. ते पेशीद्रवात एमडीएच-१ आणि मायटोकॉन्ड्रियात एमडीएच-२ या रूपात असतं. पहिल्याचं जनुक २ क्रमांकाच्या गुणसूत्रावर, दुसऱ्याचं ७ क्रमांकाच्या. क्युव्हेटमध्ये (मोजणीच्या छोट्या पारदर्शक पात्रात) मात्र दोघंही ३४० नॅनोमीटरवर तोच उतार दाखवतात, म्हणजे एनएडीएच हा सहघटक खर्च होऊन प्रकाशशोषण तसंच घटतं. म्हणजे पेशी कशी उघडली यावरच सगळं अवलंबून.

डिजिटोनिन हे पडद्याला भोकं पाडणारं द्रव्य कोलेस्टेरॉलला चिकटतं, म्हणून पेशीचा बाहेरचा पडदा आधी सच्छिद्र होतो आणि मायटोकॉन्ड्रियाचा आतला पडदा टिकतो. दर नव्या बाटलीला मात्रा नव्याने ठरवायची, हे तुम्ही ठळक अक्षरांत लिहिलंत ते बरं झालं. मिलीलीटरला १० लाख पेशी, डिजिटोनिन २५, ५०, ७५, १०० आणि १५० मायक्रोग्रॅम, बर्फात ५ मिनिटं. मग वरच्या द्रवात एलडीएच (लॅक्टेट डिहायड्रोजिनेज, पेशीद्रवाची खूण) आणि सायट्रेट सिंथेज (मायटोकॉन्ड्रियाची खूण) मोजायचं. एलडीएच ९० टक्क्यांवर बाहेर आलं आणि सायट्रेट सिंथेज जवळजवळ सगळं गाळात राहिलं, ती मात्रा आपली. पेशी आधी दोनदा धुवायच्या, नाहीतर सीरमचं कोलेस्टेरॉल डिजिटोनिन गिळून बसतं. साठवलेल्या द्रावणात पांढरा साका दिसला तर गरम करून पूर्ण विरघळवायचं आणि थंड करूनच वापरायचं. मे महिन्यात इथे नुसत्या बर्फाच्या खड्यांत नळी खोचून भागत नाही. बर्फ-पाण्याच्या लगद्यात ती बुडालेली हवी.

सगळ्यात मोलाची सूचना ऑक्झॅलोअॅसिटेटची. ते पाण्यात टिकत नाही. कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पायरुवेट उरतं. पेशीद्रवाच्या नमुन्यात एलडीएच भरपूर असतं. ते या पायरुवेटवर तुटून पडतं आणि एनएडीएचच खर्च करतं. उतार वाढतो आणि श्रेय एमडीएच-१ ला जातं! चूक फक्त एकाच भागात होते, म्हणून दोन भागांचं गुणोत्तरच बिघडतं आणि आकडे दिसायला अगदी छान दिसतात. यावर तुमचा उपाय: ऑक्झॅलोअॅसिटेट दर वेळी ताजं तोलायचं, बर्फात ठेवायचं, आणि एका क्युव्हेटमध्ये सोडियम ऑक्झॅमेट घालून बघायचं. ऑक्झॅमेट एलडीएचला अडवतं. उतार जितका कमी झाला, तेवढा वाटा एमडीएचचा नव्हताच.

रक्तातल्या लिम्फोसाइट घेतल्या, तर प्लेटलेट्स सोबत येतात आणि त्यांच्यात मायटोकॉन्ड्रिया असतात. सेंट्रिफ्यूजमध्ये २०० जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या २०० पट) १० मिनिटं, दोनदा फिरवायचं, म्हणजे बहुतेक प्लेटलेट्स वरच्या द्रवात निघून जातात. हेही तुमच्याच पानावर होतं.

आणि तांबड्या पेशी! पक्व तांबड्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया नसतात, म्हणून तिचं एमडीएच ते सगळं एमडीएच-१. एरवी टाकून दिल्या जाणाऱ्या गाळातून तुलनेसाठी पेशीद्रवाचा शुद्ध प्रमाण-नमुना मिळतो, तोही फुकट. नमुन्यात त्या थोड्या राहिल्या तर मात्र त्यांचं एलडीएच पेशीद्रवाचा आकडा फुगवतं, म्हणून तळाशी लाल झाक दिसली की पुन्हा धुवायचं.

तुमचे कृतज्ञ,
जीवरसायन प्रयोगशाळेतले आम्ही सगळे