वाई तासाभरात उरकू नका

महोदय,

सुट्ट्या लागल्या की सुरूर फाट्याला वळून गाड्या वाईत येतात, ढोल्या गणपतीपुढे फोटो निघतात आणि मंडळी पसरणी घाट चढून पाचगणीला जातात. यातल्या कित्येकांचे मूळ गाव याच तालुक्यातले. "आमचे पणजोबा इकडचेच" असे नदीच्या घाटावर सांगतात, पण गावाचे नाव विचारले की गप्प.

ढोल्या गणपतीचे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी 1762 मध्ये बांधले. मूर्ती सगळेच पाहतात, पण देवळाच्या मागे फारसे कुणी फिरकत नाही. गाभाऱ्याची मागची भिंत माशासारखी निमुळती आहे. कृष्णेला पूर आला की पाणी त्या टोकाशी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जाते, भिंतीवर थेट आदळत नाही. तसेच मेणवलीला. नाना फडणवीसांचा वाडा पाहून परत न फिरता घाटावर उतरावे. तिथे टांगलेली घंटा चर्चची आहे, 1739 च्या वसई मोहिमेतली. तिच्यावर 1707 हे साल आणि बाळ येशूसह मेरी कोरलेली आहे.

आता आपले मूळ शोधण्याविषयी. शनिवार-रविवारी कचेरी बंद, त्यामुळे कामाच्या दिवशी या. येताना आजोबा-पणजोबांची पूर्ण नावे, गावाचे नाव आणि जन्ममृत्यूचे अंदाजे साल आणा. नुसत्या आडनावावर शोध लागत नाही. जुन्या दप्तरात अनेकदा माणसाचे आणि बापाचे नावच असते. पाटील, कुलकर्णी, देशपांडे ही तर वतनावरून आलेली आडनावे. खेड्यातल्या जन्ममृत्यूसाठी तहसील कचेरीत गाव नमुना 14 मागावा, खुद्द वाई शहरातला जन्म असेल तर नगरपालिकेत जावे. मुलाचे नाव न सापडल्यास निराश होऊ नका. बारशाआधीच नोंद झाल्याने तिथे बहुधा बापाचे नाव आणि "मुलगा" एवढेच असते. शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा त्याला जोडून पाहावा.

जमिनीच्या बाबतीत घोळ होतो तो एकत्रीकरणामुळे, म्हणजे विखुरलेले तुकडे जोडून नवे गट पाडल्यामुळे. आजोबांच्या कागदावर सर्व्हे नंबर असतो, आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर. दोन्हींचा मेळ घालायला एकत्रीकरणाचा उतारा लागतो. तो नसला की माणूस भलत्याच शेतात उभा राहतो! मग एकेक फेरफार मागे मागे काढत जायचे. धोम धरणात गेलेल्या गावांचा शोध जुन्या गावाच्या नावानेच घ्यावा.

जुने कागद मोडी लिपीत असतात. मोडीत आधी ओळ आखून अक्षरे तिच्याखाली सलग लिहितात, दोन शब्दांत जागा सोडत नाहीत. त्यामुळे नवशिका नावाचा शेवट पुढच्या शब्दाला चिकटवतो. जाणत्याकडूनच वाचून घ्यावे.

हिवाळा सरता सरता कृष्णाबाईचा, म्हणजे कृष्णा नदीचा, उत्सव सुरू होतो, आळीआळीची पाळी लागते आणि बाहेरगावी गेलेले वाईकर घाटावर भेटतात. मूळ गावाची चौकशी करायला ते दिवस उत्तम, कारण सांगणारी म्हातारी माणसे तेव्हा आळीत हमखास सापडतात.

कोणती नोंद कुठल्या कचेरीत मिळते, अर्ज कसा करायचा आणि मोडी वाचून देणारे कोण, याचा एक फलक एसटी स्टँडवर लागावा, एवढीच संबंधितांना विनंती.

– काही वाईकर